मुंगळ्यांच्या बिळात राहणारा लाल बेडूक

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: पश्चिम आफ्रिकेतला लाल पाठीचा एक बेडूक मोठ्या काळ्या मुंगळ्यांच्या बिळात निवांत बसलेला दाखवणारा फोटो फिरतोय. हे खरं आहे का? खरं असेल तर मुंगळे त्याला फाडून का खात नाहीत? आणि आपल्या माळरानावरचा एखादा बेडूक असं काही करतो का?

फोटोतलं दृश्य खरं आहे. त्यामागचं कारणही बऱ्यापैकी शोधून काढलेलं आहे, प्रयोगांसकट. माझं स्वतःचं काम दख्खनच्या माळावरच्या बेडकांवर आहे. हा आफ्रिकी बेडूक आपल्याकडच्या काही बेडकांच्या कुळातला, मायक्रोहायलिडी कुळातला, त्यामुळे त्याच्यावर जे जे छापून आलं ते मी आवडीने वाचत आलो आहे. तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

बेडकाचं नाव फ्रायनोमँटिस मायक्रॉप्स. विल्हेल्म पीटर्स या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८७५ साली, आजच्या घानातल्या आक्राहून आलेल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. लांबी चार-पाच सेंटिमीटर. अंग चपटं, डोकं लहान, डोळे बारीक, पाय आखूड. पाठ विटकरी लाल, कधी गुलाबीकडे झुकणारी, आणि दोन्ही कुशी काळ्या. कातडी इतकी गुळगुळीत की इंग्रजीत या गटाला रबर फ्रॉगच म्हणतात. हा उड्या मारत नाही. चालतो, फार तर दुडक्या चालीने पळतो. सेनेगलपासून मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकापर्यंत जो गवत आणि विरळ झाडांचा पट्टा आहे, त्या सवानात तो राहतो. दुर्मीळ म्हणावा असा नाही, पण आपल्याकडे तो कुणाला माहीत असायचं काही कारण नाही, आणि तिथेही अभ्यासकांची बहुतेक गर्दी पावसाळी जंगलातल्या बेडकांभोवतीच असते.

मुंगळ्यांकडे वळण्याआधी त्या प्रदेशाबद्दल बोलायला हवं. सवानातल्या कुठल्याही बेडकाबद्दल पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो: कोरड्या दिवसांत हा कुठे असतो? त्याचं उत्तर मिळालं की बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

आयव्हरी कोस्टच्या ईशान्येला कोमोए राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे साडेअकरा हजार चौरस किलोमीटरचं. १९८३ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठाच्या एडुआर्ड लिन्सेनमायर यांच्या गटाने तिथे बेडकांवर अनेक वर्षं काम केलं. आज आपल्याला आफ्रिकी सवानातल्या बेडकांबद्दल जे बारकाईने ठाऊक आहे त्यातलं बरंचसं या एका जागेतून आलेलं आहे. २००२ साली त्या देशात यादवी पेटली आणि कामात मोठा खंड पडला. कोमोएत वर्षाला साधारण हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो. आकडा ऐकून वाटतं, चांगला भरपूर आहे की. पण तो बहुतेक सगळा एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये उरकतो. मग सहारावरून हारमाटान नावाचा कोरडा, धुळीचा वारा येतो, डबकी आटतात, गवत वाळतं आणि त्या वाळलेल्या गवताला दरवर्षी आग लागते. बेडकाची कातडी म्हणजे सतत पाणी गमावणारा पडदा. अशा मुलखात तीसहून जास्त जातींचे बेडूक आहेत, आणि प्रत्येकाने त्या कोरड्या महिन्यांची सोय आपापल्या परीने लावलेली आहे.

एक उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. हायपरोलियस निटिड्युलस हा तिथला अगदी चिमुकला बेडूक, इंग्रजीत ज्यांना रीड फ्रॉग म्हणतात त्यांच्यातला. याची पिल्लं कोरडे महिने जमिनीत जात नाहीत, सावलीतही जात नाहीत. वाळक्या काडीवर, भर उन्हात, पाय अंगाखाली घेऊन बसून राहतात. कातडीत प्रकाश परतवणाऱ्या स्फटिकांचे थर साठलेले असतात, आणि तापमान चाळिशीच्या आसपास गेलं की पिल्लू पांढरंफटक पडतं. लघवीवाटे पाणी जाऊ नये म्हणून शरीरातला टाकाऊ नायट्रोजन प्युरिनच्या रूपात कातडीतल्या त्या स्फटिकांतच जमा होतो. म्हणजे जे फेकून द्यायचं तेच उन्हाविरुद्ध ढाल म्हणून वापरायचं. आणि आग लागली तर? २००२ साली ग्राफ, डोब्लर आणि लिन्सेनमायर यांनी या पिल्लांना फक्त आगीचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला. धूर नाही, धग नाही. पिल्लं तो आवाज ऐकून आडोशाकडे पळाली. मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

तिथलाच होप्लोबॅट्रॅकस ऑक्सिपिटॅलिस हा दांडगा बेडूक, म्हणजे आपल्या पावसाळी पिवळ्या मोठ्या बेडकाचा आफ्रिकी भाऊबंद. त्याची सोय सरळ आहे: पाऊस संपला की नदीकाठ गाठायचा. काही जाती जमीन खोदून खाली जातात.

आता आपला लाल बेडूक. काडीवर बसण्याजोगी त्याची कातडी नाही. लांब पल्ला मारण्याजोगे पाय नाहीत. वाळलेली, विटेसारखी कडक झालेली जमीन फोडायला मागच्या पायाला जी फावड्यासारखी कडक गाठ लागते, तीही त्याच्याकडे नाही. म्हणजे त्याला दुसऱ्याने खणलेली ओलसर जागा हवी. आणि सवानात खोल, दमट, वर्षभर टिकणारी बिळं खणणारे मुख्य कारागीर दोन: वाळवी आणि मुंग्या.

पॅल्टोथायरियस टार्सेटस ही ती मुंगी. मी मुंगळा म्हणतोय तो केवळ आकारावरून. जवळजवळ दोन सेंटिमीटर लांब, काळीकुळकुळीत, आणि छेडली की गंधकाच्या संयुगांचा उग्र वास सोडणारी. आपल्या घरात साखरेवर येणारा काळा मुंगळा चावतो, पण त्याला डंख नसतो. या मुंगीला डंख आहे आणि तो चांगलाच झोंबतो. वाळवी हे तिचं आवडीचं खाणं. जमिनीखाली तिची पसरलेली घरं असतात, वर येण्याच्या वाटा अनेक. या घरात चुकून शिरलेल्या किड्याची काय गत होते ते सांगायला नको.

त्या घरांत हा बेडूक सापडतो. एखाद्या वेळी वाट चुकून आलेला असतो असंही नाही, नियमित सापडतो. कोमोएत मार्क-ऑलिव्हर रोडेल आणि ब्राउन यांनी बेडूक आणि मुंग्या यांच्या या सहवासावर काम करून १९९९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. बेडूक आणि मुंगी समोरासमोर आल्यावर काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे. बेडूक पळत नाही. तो अंग दाबून, डोकं खाली घालून जमिनीला चिकटतो आणि स्तब्ध राहतो. मुंगी येते, जबडे उघडलेले, आणि मिशांनी त्याच्या पाठीवर टकटक करत त्याला चाचपते. काही क्षण हे चालतं. मग जबडे मिटतात आणि ती आपल्या वाटेने जाते. दुसरी येते, तीही तसंच करते.

इथे दोन शक्यता होत्या. बेडकाच्या वागण्यामुळे, म्हणजे हालचालच न केल्यामुळे, मुंग्या त्याला सोडतात की कातडीवर काहीतरी असतं? रोडेल, ब्रेडे, मेब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या कामात याचा निकाल लावला. प्रयोगाची आखणी इतकी साधी आहे की प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी नेहमी हाच दाखला देतो. बेडकाच्या कातडीवरचा स्राव पाण्यात घ्यायचा. तो वाळवीच्या आणि पिठातल्या अळ्यांच्या अंगाला लावायचा. मग त्या मुंग्यांपुढे ठेवायच्या. वाळवी म्हणजे या मुंगीचं रोजचं जेवण, आणि ती वळवळत असते. म्हणजे स्तब्ध बसण्याचा मुद्दा तिथेच निकालात निघाला. तरीही स्राव लावलेल्या किड्यांना मुंग्या डंख मारेनात.

त्यापुढचं काम प्रयोगशाळेतलं. स्रावातले घटक वेगवेगळे करून प्रत्येक भाग मुंग्यांवर तपासला. सगळा परिणाम दोन छोट्या पेप्टाइडांपाशी, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्यांपाशी, येऊन थांबला. रेणूचं वजन मोजायच्या डाल्टन या एककात एकाचं वजन १,०२९, दुसऱ्याचं १,१४३. एकात नऊ अमिनो आम्लं, दुसऱ्यात अकरा. त्यांचा क्रम वाचून काढला आणि मग ती दोन्ही पेप्टाइडं प्रयोगशाळेत बनवली, बेडकाला मध्ये न आणता. त्या बनवलेल्या पेप्टाइडांनीही मुंग्यांचा राग तसाच शमला. शोध इथे पुरा झाला असं मी मानतो. स्रावात काहीतरी आहे, एवढं म्हणणं सोपं असतं. ते काय आहे ते सांगून, स्वतः घडवून, पुन्हा तोच परिणाम मिळवणं हे फार थोड्या सहजीवनांच्या बाबतीत झालेलं आहे.

बेडकाच्या कातडीत पेप्टाइडं असणं यात तसं नवल नाही. १९८७ साली मायकेल झॅस्लॉफ यांनी झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या कातडीत जिवाणू मारणारी मॅगेनिन ही पेप्टाइडं शोधली, तेव्हापासून बेडकाची कातडी हा औषधशास्त्राचाही विषय झाला. कातडीवर जिवाणू, बुरशी, साप, पक्षी या सगळ्यांसाठी काही ना काही साठा असतोच. नवल आहे ते हा साठा एका विशिष्ट मुंगीच्या रागावर चालण्याचं.

या बेडकाबद्दल आता एक समजूत पसरली आहे, ती मात्र मला पटत नाही. हा बेडूक मुंग्यांना दिसतच नाही, तो त्यांच्या वासाचा बुरखा पांघरून फिरतो, असं ठिकठिकाणी लिहिलेलं आढळेल. त्या २०१३ च्या निबंधाच्या शीर्षकातच रासायनिक छद्मावरण असा शब्दप्रयोग असल्यामुळे हे झालं असावं. पण मुंग्यांच्या घरात चोरून राहणारे काही भुंगे आणि सुरवंट जे करतात ते वेगळं. ते वारुळाचा वास अंगावर घेतात, आणि मुंगीला ते आपल्यातलेच वाटतात. इथे मुंगी बेडकापाशी थांबते, जबडे उघडते, त्याला तपासते. म्हणजे कुणीतरी परका इथे आहे हे तिला कळलेलं असतं. मग ती हल्ला करत नाही, कारण त्या स्पर्शातून तिला मिळणारं रसायन तिचा राग उतरवतं. खुद्द निबंधाचा निष्कर्षही असाच आहे: ही पेप्टाइडं बहुधा समोरच्याला शांत करणारा संदेश म्हणून काम करतात. गावात रात्री परका माणूस आला तर कुत्र्यांच्या नजरेतून निसटणं वेगळं, आणि कुत्र्याने हुंगून शेपूट हलवणं वेगळं. बेडकाने दुसरी वाट घेतली आहे. म्हणूनच अंग दाबून बसणंही कामाचं ठरतं, कारण तपासणी पूर्ण होईपर्यंत मुंगीला वेळ मिळायला हवा.

या एका सोयीमुळे बेडकाला किती गोष्टी मिळतात बघा. कोरड्या दिवसांत ओलावा मिळतो. गवताला आग लागली तरी खाली तिची धग पोचत नाही. आणि ज्या बिळाच्या तोंडाशी डंख मारणाऱ्या मुंग्या येजा करतात तिथे साप किंवा मुंगूस तोंड घालायचा विचार दोनदा करेल.

पाऊस सुरू झाला की हा बाहेर पडतो आणि तात्पुरत्या डबक्यांवर जमतो. तिथे त्याच्या पिल्लांचीही गोष्ट सांगण्याजोगी आहे. या कुळातले बेडूकमासे दगडावरचं शेवाळ खरवडत नाहीत. ते पाण्याच्या मधल्या थरात तिरके तरंगत राहतात, शेपटीचं टोक सतत थरथरत असतं, आणि पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खातात. अंग जवळजवळ पारदर्शक. फ्रायनोमँटिसचे बेडूकमासे दाट थवे करतात. रोडेल आणि लिन्सेनमायर यांनी १९९७ मध्ये दाखवलं की हे थवे शिकाऱ्याच्या असण्यामुळे बनतात. डबक्यात शिकारी आहे असं कळलं की ते एकत्र येतात. आणि अशा डबक्यात शिकारी म्हणजे अनेकदा दुसऱ्या बेडकाचीच पिल्लं: वर सांगितलेल्या होप्लोबॅट्रॅकसचे बेडूकमासे मांसाहारी असतात. आपल्याकडे भातखाचरात मोठ्या पिवळ्या बेडकाची पिल्लं इतर बेडूकमाशांना कशी मटकावतात हे ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे लगेच कळेल.

हाताळण्याबद्दल एक सूचना. मुंगीला शांत करणारी कातडी आपल्याला निरुपद्रवी असेल असं समजू नका. दक्षिण आफ्रिकेकडे याचाच भाऊ आहे, फ्रायनोमँटिस बायफॅसिएटस, काळ्या अंगावर दोन लाल पट्टे असलेला. त्याच्या स्रावाने, विशेषतः हाताला जखम असताना, सूज, डोकेदुखी, मळमळ झाल्याच्या नोंदी आहेत. एकाच पिशवीत त्याच्यासोबत ठेवलेले दुसरे बेडूक मरतात. हा नियम मी आपल्याकडेही पाळतो आणि पाळायला लावतो: एका पिशवीत एकच जात, हात ओले आणि स्वच्छ, आणि बेडूक हातात घेतल्यावर डोळे चोळायचे नाहीत.

असा सहवास जगात आणखी कुठे आहे का, तर आहे. दक्षिण अमेरिकेत लिथोडायटिस लिनिएटस नावाचा बेडूक पानं कापणाऱ्या अट्टा मुंग्यांच्या घरात राहतो. २०१६ साली ब्राझीलच्या संशोधकांनी त्याच्या कातडीचा अर्क एका टोडच्या अंगाला लावला, आणि एरवी ज्या टोडवर मुंग्या तुटून पडल्या असत्या त्याला त्यांनी हात लावला नाही. हा बेडूक अगदी वेगळ्या कुळातला आहे. म्हणजे दोन खंडांत, दोन कुळांत, ही युक्ती स्वतंत्रपणे निघाली. पेरू देशात मायक्रोहायलिडी कुळातला एक चिमुकला बेडूक टॅरँटुला कोळ्यासोबत एकाच बिळात राहतो. तिथे कोळी बेडकाला पकडतो, तोंडाने चाचपतो आणि सोडून देतो. पुन्हा तीच तऱ्हा, आधी तपासणी आणि मग सुटका. भारतात आणि श्रीलंकेतही याच कुळातले बेडूक झाडाच्या ढोलीत पिसिलोथेरिया या मोठ्या कोळ्यांबरोबर सापडलेले आहेत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आपल्या माळरानाचा. पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, धुळे या भागातलं उघडं गवताळ रान हेही सवानाच आहे. सातबाऱ्यावर ते पडीक म्हणून लागतं आणि झाडं लावून ते सुधारायला लोक निघतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण तिथले बेडूक त्या उघड्या जमिनीसाठीच घडलेले आहेत. त्यातला उपेरोडॉन सिस्टोमा हा रबर फ्रॉगचा आपल्याकडचा कुळबंधू: गोलगरगरीत, छोट्या तोंडाचा, छेडला की फुग्यासारखा फुगणारा. याने मात्र दुसरी वाट धरली. मागच्या दोन्ही तळव्यांना फावड्यासारख्या गाठी आहेत. ओल्या मातीवर ठेवला की आधी डावा पाय बाहेरच्या बाजूला माती ढकलतो, मग उजवा, आणि बेडूक अंग थोडंथोडं फिरवत मागच्या बाजूने खाली जातो. नाकाचा शेंडा तेवढा क्षणभर वर राहतो, मग वरची माती सरकून तोही झाकतो. ज्याला स्वतःचं बीळ इतक्या सफाईने करता येतं त्याला मुंग्यांची मनधरणी करायचं कारण उरत नाही, असं माझं मत आहे.

तरी एक जागा अशी आहे जिथे मी डोळे उघडे ठेवून बसतो. वळवाच्या पहिल्या दणक्यानंतर संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतून उसळतात. त्या भोकांच्या तोंडाशी उपेरोडॉन येऊन बसतो आणि जागचा न हलता एकेक टिपत राहतो. त्याच वाळवीवर आपल्याकडच्या डंखवाल्या लेप्टोजेनिस मुंग्याही रांगा लावून धाड घालतात. या मुंग्या पॅल्टोथायरियसच्याच उपकुळातल्या, काळ्या, चपळ. बेडूक आणि मुंग्यांची रांग एकाच भोकावर आली तर काय होतं, ही माळावर बघण्याची गोष्ट आहे, आणि त्यासाठी कुठलंही महागडं साधन लागत नाही.

तुम्हाला असं दृश्य दिसलं तर बीळ उकरू नका, बेडूक उचलू नका. विजेरीवर लाल कागद लावा आणि सलग व्हिडिओ घ्या, मुंगी बेडकापाशी पोचण्याच्या आधीपासून ती दूर जाईपर्यंत. मिशा बेडकाला लागल्या का, किती वेळ, जबडे उघडे होते की मिटलेले, बेडूक दबून बसला की पळाला, हे त्यात दिसायला हवं. मुंगीचा एक स्पष्ट फोटो बाजूने घ्या, कारण कंबरेच्या गाठीच्या आकारावरून तिची प्रजाती ठरवायला मदत होते. वेळ, जमिनीचा प्रकार आणि पाऊस किती तासांपूर्वी पडला ते लगेच वहीत टिपा. घरी जाऊन आठवू म्हटलं की नेमका पावसाचा तास विसरतो.